चांगली गांडुळं बघून पाठव

डुलुथ, ९ ऑक्टोबर १९९३

सिल्वी,

तुमच्या गावमंडळाचं पत्र मिळालं. टॅमरॅक बेच्या पाणथळीतल्या गाळात अजून विष आहे की नाही हे मी सांगावं, जानेवारीच्या बैठकीआधी सांगावं आणि शक्यतो ‘नाही’ असंच सांगावं, असा एकूण सूर आहे. खाली सह्या करणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी शाळेत माझे गणिताचे पेपर उतरवू दिलेत. त्यामुळे त्यांच्याकडून मला याहून जास्त अपेक्षा नव्हती.

बॅटरीचा कारखाना बंद पडला तेव्हा त्याचं कॅडमियम गाळात तसंच राहिलं. ते तिथे भरपूर आहे, हे यंत्र सांगतं आणि त्यात वाद नाही. वाद आहे तो एवढाच, की ते गाळात गप्प बसलंय की जिवांच्या अंगात शिरतंय. हे यंत्राला कळत नाही. गाळ खाऊन जगणाऱ्या गांडुळाला कळतं. डोकं चिखलात खुपसून शेपूट वर हलवत बसणारी ती तांबडी, दोऱ्यासारखी पाणगांडुळं तू लहानपणापासून पाहिली आहेस. ती थोडी बेच्या गाळात सोडायची, थोडी स्वच्छ गाळात, आणि महिन्याभरानं कुठली मेली, कुठली रोडावली, कुणाला पिलं झाली ते बघायचं. हसू नकोस. जगभर हेच करतात.

विकत मागवलेली गांडुळं टपालात मेली. तेव्हा तू टेकडीवरच्या ब्लूबेरी तळ्यातली डबाभर काढून पाठव. तिथलीच हवीत. का ते सांगत बसत नाही, तू ऐकून घेणार नाहीस. फक्त चांगली, धडधाकट बघून पाठव. वाटेत मान टाकणारी नकोत.

आपला थोरला, ताइस्तो, फोन उचलत नाही. जिवंत आहे ना?

ओलावी

*

टॅमरॅक बे, २१ ऑक्टोबर १९९३

ओलावी,

पत्र वाचून इतकी हसले की कॉफी उतू गेली. विद्यापीठानं तुला चष्मा दिला, दाढी दिली आणि शेवटी गांडुळं राखायला बसवलं. बाबा गाई राखायचे. घराण्यानं प्रगती केली म्हणायची.

मी आयुष्यभर या गावचं टपाल वाटलं. कोंबडीची पिल्लं पाठवली, मधमाश्या पाठवल्या, एकदा एकाची कवळी पाठवली. किडे पाठवायचे राहिले होते, ते तू निवृत्तीनंतर करून घेतोयस. करते. फोनवर बोलू नकोस मात्र. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, कागदावर तुला ते जमत नाही.

मंडळ मूर्ख आहे, ते मान्य. पण त्या पाट्या निघाव्यात असं मलाही वाटतं. ‘येथील मासे खाऊ नयेत.’ उन्हाळ्यात शिकागोचे पाहुणे येतात, पाटीला खेटून फोटो काढतात आणि जेवायला पुढच्या गावी जातात. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही समुद्रातली, बर्फातून आलेली मासळी तळतो. तळता तळता खिडकीतून बघावं तर समोर पर्च मासे उड्या मारताहेत. ही नामुष्की तुझ्या डुलुथात नाही.

ताइस्तो जिवंत आहे आणि पाटी त्याला दिसत नाही, कारण तिलाच टेकून तो गळ टाकतो. लेम्पीवहिनी गेल्यापासून काठावरच्या त्या कॅम्पच्या लाकडी खोपटात एकटा राहतो आणि रोज माशांचा मोयाक्का, तोच रस्सा, उकळतो. पर्चची डोकी, काळीज, सगळं त्यात. मी म्हटलं, वहिनी असती तर भाजी तरी पोटात गेली असती. म्हणाला, बटाटा आहे की. पाय सुजलेत, तर म्हणतो बूट आखडले. एकाहत्तराव्या वर्षी बूट आखडतात असं कुठे ऐकलंयस का?

सिल्वी

*

टॅमरॅक बे, १५ नोव्हेंबर १९९३

ओलावी,

डबा सोबत आहे. तू सांगितलंस तसं सगळं केलं. माझी पिठाची चाळण वाया गेली, नवी पाठव. ताइस्तोनं मदत केली, सारखा विचारत होता की ओलावीला अशीच हवीत ना. गांडुळं चांगली आहेत. मेली तर तो तुझ्या हातचा गुण.

सिल्वी

*

डुलुथ, २६ नोव्हेंबर १९९३

सिल्वी,

एकही मेलं नाही. इथल्या शीतगृहात एक रात्र चुकून गोठणाच्या काठावर राहिली तरी सकाळी शेपट्या हलवत होती. शेजारच्या प्रयोगशाळेतला माझा विद्वान मित्र आपल्या गांडुळांना बाळासारखा जपतो आणि दर आठवड्याला तेरवीला बसतो. त्याला मुद्दाम बोलावून डबा दाखवला. तोंड बघण्यासारखं झालं.

प्रयोग सुरू केला आहे. खरं तर सुरुवातीलाच थोडी गांडुळं बाजूला काढून त्यांच्या अंगात धातू किती आहे ते मोजून ठेवायचं असतं. पण मोजायचं यंत्र बिघडलंय आणि दुरुस्तीनंतरही आमचा नंबर मार्चशिवाय लागत नाही. नमुना गोठवून ठेवला आहे. ब्लूबेरीची गांडुळं, त्यांच्या अंगात काय सापडणार आहे म्हणा.

चाळण पाठवतोय. ताइस्तोला सांग, त्याच्या हातची गांडुळं विद्यापीठात गाजताहेत.

ओलावी

*

टॅमरॅक बे, ३० जानेवारी १९९४

ओलावी,

रिपोर्ट बैठकीत वाचला गेला. ‘बेच्या गाळातली आणि स्वच्छ गाळातली गांडुळं सारखीच तगली, सारखीच वाढली, गाळातला धातू जिवांना बाधत असल्याचा पुरावा नाही.’ मला तर वाक्य संपेपर्यंत धाप लागली, पण लोकांना अर्थ कळला. मंडळाचा अध्यक्ष त्रेथेवी, ज्यानं जन्मात कुणाला शाबासकी दिली नाही, तो म्हणाला की किविरांतांचा धाकटा अखेर गावाच्या उपयोगी पडला. अखेर, म्हणे. तू मास्तर झालास तेव्हा त्याच्या बापाला तुझं नाव नीट लिहिता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाट्या उपटल्या. जमीन गोठलेली, तर खांब करवतीनं कापले, एवढी घाई. त्या शुक्रवारी चर्चमध्ये बर्फाला भोक पाडून काढलेला आमचा स्वतःचा पर्च तळला. रांग दाराबाहेर गेली होती. मी दोनदा घेतला.

ताइस्तोनं रिपोर्टची प्रत मागून घेतली आणि काच लावून टेबलाच्या वर टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझी सही दाखवतो. वाचता येत नाही त्यातलं अर्धं, पण तुझं नाव कुठे आहे ते बोट ठेवून सांगतो. मोयाक्काचं पातेलं आता मोठं घेतलंय, शेजाऱ्यांनाही वाढतो.

पाय तसेच. आता कंबरही धरते. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणतो, गाळ स्वच्छ निघाला, आता मला काय धाड भरलीय.

सिल्वी

*

डुलुथ, १४ मार्च १९९४

सिल्वी,

एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे, आणि कोंबडीची पिल्लं, कवळ्या वगैरे न घालता दे. ती गांडुळं तू कुठून काढलीस?

यंत्राचा नंबर लागला. गोठवलेला नमुना मोजला, म्हणजे प्रयोगाला हात लावण्याआधीची, डब्यातून काढलेली गांडुळं. त्यांच्या अंगात कॅडमियम इतकं आहे की मी आधी यंत्राला शिव्या दिल्या आणि पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. बेच्या गाळात महिनाभर ठेवलेल्यांत जेवढं, तेवढंच यांच्यात. टेकडीवरच्या तळ्याला कारखान्याचं पाणी कधी लागलं नाही. तिथल्या गांडुळाच्या अंगात हे आभाळातून पडलं का?

ओलावी

*

टॅमरॅक बे, २० मार्च १९९४

ओलावी,

सरळ उत्तर देते. ताइस्तोच्या धक्क्याखालून.

आता वाकडं उत्तर ऐक. ब्लूबेरी तळ्यावर मी दोनदा गेले. गुडघाभर चिखलात उभी राहिले, या वयात, तुझ्या विद्यापीठासाठी. दोन्ही वेळा बरणी ओसरीत ठेवली आणि दोन्ही वेळा सकाळपर्यंत मेली. मऊ, फिकट, हात लावला की तुटणारी. ताइस्तो बघून म्हणाला, “ही गांडुळं आहेत की शिकागोचे पाहुणे? ही पाठवलीस तर पोरगा काय म्हणेल?” मग आपल्या धक्क्याखालची काढली. एक रात्र सॉनाच्या गरम वाफेत बाकाखाली ठेवली, एक रात्र बाहेर कडाक्यात. सकाळी झाकण उघडलं तर सगळी डोलत होती. तो म्हणाला, याला म्हणतात सिसू, आपला फिनिश चिवटपणा. आणि त्यातलीही लाल, जाड, वळवळणारी निवडून डबा भरला. दोन दिवस त्याचं हेच चाललं होतं. तुझ्यासाठी म्हणून एवढ्या हौसेनं त्यानं लेम्पीच्या लग्नाची अंगठीसुद्धा निवडली नसेल.

तू ‘चांगली’ लिहिलं होतंस. आमच्याकडे चांगलं म्हणजे न मरणारं. तुमच्याकडे चांगलं म्हणजे मरणारं, हे पत्रात लिहायला शाई महाग झाली होती का? ‘का ते सांगत बसत नाही’ म्हणालास. सांगत बसला असतास तर चार ओळी लागल्या असत्या.

तळ्याचं नाव मी डब्यावर घातलं, कारण तुला तेच हवं होतं. किड्याला कुळी असते हे मला ठाऊक नव्हतं.

आता यात एवढं बिघडलं काय ते सांग. गांडुळं जगली, हे तर खरं ना?

सिल्वी

*

डुलुथ, २९ मार्च १९९४

सिल्वी,

सांगतो. चार ओळींत होणार नाही.

कारखान्याचं पाणी बेमध्ये पहिल्यांदा सोडलं तेव्हा तिथली गांडुळं मेली. जवळपास सगळी. कुठे दहा-वीस अशी होती की ज्यांना तेवढं विष सोसलं. पुढची पिलं त्यांचीच. त्यांतही ज्यांना सोसलं नाही ती मेली. गांडुळाची पिढी काही महिन्यांची. इतक्या वर्षांत किती पिढ्या झाल्या ते तूच बघ. कुठलंही गांडूळ हिंमत बांधून चिवट झालेलं नाही. चिवट नव्हती ती मेली, आणि उरलेल्यांकडे बघून तुम्ही सिसू सिसू करताय.

तर मी बेच्या गाळाची परीक्षा बेच्याच गांडुळांकडून घेतली. चोराला चोरीबद्दल विचारलं आणि सही केली. ब्लूबेरीची ती मऊ, फिकट गांडुळं मला हवी होती. ती आठवड्यात मेली असती आणि तेवढ्यानं सगळं कळलं असतं. तुझ्या ओसरीत मेली ती बहुधा थंडीनं, विषानं नाही, पण तुम्हाला सगळं मरण एकच.

आणि बिघडलं काय, तर हे. ती मरत नाहीत, कारण विष अंगात साठवून ठेवतात. साठा घेऊन सुखानं जगतात. पर्च येतो, ती गिळतो आणि साठा त्याच्या काळजात जातो. मेली असती तर माशाच्या पोटात एवढं गेलं नसतं. म्हणजे गांडूळ जितकं ठणठणीत तितका मासा वाईट, आणि ताइस्तो तो डोक्या-काळजासकट उकळतो. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि उठत नाही. बूट आखडलेले नाहीत, सिल्वी. त्याला डॉक्टरकडे ने. आजच.

रिपोर्ट मी मागे घेतला आहे. मंडळाला पत्र गेलं. सुरुवातीची मोजणी न करता सही केली ती माझी चूक, आणि मी तसं लिहिलं आहे. इथे ते कसं घेतलं गेलं ते सांगत नाही. शेजारच्या विद्वान मित्रानं या वेळी मला बोलावून आपला डबा दाखवला.

पाट्या परत लावून घे. ताइस्तोला सांग.

ओलावी

*

टॅमरॅक बे, १७ एप्रिल १९९४

ओलावी,

तुझं पत्र बैठकीत वाचलं गेलं. त्रेथेवी म्हणाला, पहिला रिपोर्ट प्राध्यापकानं शुद्धीवर असताना लिहिला, दुसरा बहिणीशी भांडून. लोक हसले. मी उठले आणि सांगितलं की गांडुळं ताइस्तोच्या धक्क्याखालची होती, मी पाठवली, नाव खोटं घातलं. मला वाटलं आता तरी खाली माना घालतील. तर मागून कुणीतरी ओरडलं, “म्हणजे आपलीच निघाली! शाबास!” आणि टाळ्या. गांडुळांना सोसतं, मग आपल्याला का नाही, आपणही इथलेच. तुझा सगळा उलगडा त्यांनी ऐकला आणि त्यातून एवढंच काढलं. पालथ्या घड्यावर पाणी बरं, ते निदान निथळून जातं.

मग मी विचारलं, चिवट नव्हती ती कुठे गेली? लेम्पी कुठे आहे? भट्टीवर काम करणारे, हाकाला आडनावाचे ते दोघे भाऊ कुठे आहेत? चर्चच्या मागे थडग्यांवर जाऊन बघून या आणि मग टाळ्या वाजवा. अध्यक्षांनी कॉफीची सुट्टी जाहीर केली, आणि सुट्टीनंतर धक्क्याला कुठला रंग द्यायचा यावर चर्चा झाली. पाट्या येणार नाहीत.

ताइस्तोला डॉक्टरकडे नेलं. ओढत. मूत्रपिंडांचं एक तृतीयांश काम उरलंय म्हणाले. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं असेल तर ते मासे आजपासून बंद. ताइस्तो मान हलवत ऐकत होता. घरी आला, चूल पेटवली आणि पातेलं ठेवलं.

मी बोलले. जे जे येतं ते सगळं बोलले. तो शांतपणे उठला आणि भिंतीवरच्या काचेवर बोट ठेवलं. “ओलावीनं लिहिलंय.” मी म्हटलं, ओलावीनंच मागे घेतलंय. म्हणाला, “ते तू त्याच्याकडून लिहवून घेतलंस. तुला पहिल्यापासून माझा मोयाक्का बघवत नाही.” वर मला ऐकवतो, “माझ्या भावाला खोटं ठरवतेस?”

डॉक्टर खोटा, मी खोटी, सगळं जग खोटं, आणि तुझी ती एक सही खरी. आता तूच ये. समोर बसून सांग.

सिल्वी

*

डुलुथ, २४ एप्रिल १९९४

सिल्वी,

परीक्षा चालू आहेत, दोन समित्या आहेत, आणि ज्या विभागात माझं हसं झालंय तिथून आत्ताच सुट्टी मागणं शोभणारं नाही. ताइस्तोला मी स्वतंत्र पत्र लिहिलं आहे. चार पानं, सोप्या भाषेत, आकृती काढून. गांडूळ, मासा, माणूस, मधे बाण. शाळेतल्या मुलालाही कळेल. लेखी, माझ्या हाताचं, माझ्या सहीचं. एवढ्यावरही समजून घ्यायचं नसेल तर माणसाच्या हट्टापुढे विज्ञान काय करणार? शहाण्याला शब्दाचा मार.

ओलावी

*

टॅमरॅक बे, १ मे १९९४

ओलाव्या,

तुझं चार पानी पत्र त्यानं मला वाचायला लावलं. मधेच म्हणाला, “बाण छान काढलेत पोरानं.” मग म्हणाला, पहिल्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का होता, यावर नाही. आणि घडी घालून बायबलात ठेवलं.

समित्या म्हणे. तू कामात नाहीस, तू भ्यालायस. त्याच्यासमोर बसून सांगावं लागेल, की आयुष्यात तुला ज्या एका कागदाचा अभिमान वाटला तो चुकीचा आहे. ते तुझ्यानं होत नाही, म्हणून बाण काढतोस. मंडळाला मूर्ख म्हणताना, मला अडाणी म्हणताना तुझी जीभ कशी सरळ चालते. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं.

तो सोळाव्या वर्षापासून त्या कारखान्यात रसायनाच्या कुंडांवर उभा राहिला. तू उभा राहू नयेस म्हणून. हे मी तुला कधी सुनावलं नव्हतं आणि त्यानंही कधी सुनावलं नाही. आता मी सुनावते. बर्फ गेलंय, पर्च काठाला लागलाय, तो रोज पातेलं भरतोय. तुझ्या परीक्षा संपेपर्यंत त्याच्या संपतील.

सिल्वी

*

टॅमरॅक बे, २९ मे १९९४

ओलावी,

आलास, तीन दिवस राहिलास आणि माझं दारही न वाजवता गेलास. या गावात माणूस शिंकला तरी मला कळतं, तुझी डुलुथची पाटी लावलेली गाडी कळणार नाही? राग धरलास तर धर. मी तुझ्यासाठी निसूचा गोड पाव भाजून ठेवला होता, तो त्रेथेवीच्या कुत्र्याला घातला.

गेल्या रविवारी चर्च झाल्यावर ताइस्तो आला. स्वयंपाकघरात बसला आणि विचारलं, “वाटाण्याचं सूप कसं करतात?” मी वाटाणे भिजत घालायला उठले. मग तो आपण होऊन सांगू लागला.

म्हणाला, पोरगा आला, बसला, आणि म्हणाला की माझी चूक झाली ताइस्तो, त्या माशांत विष आहे. मी म्हटलं, असेल, जेव आता. पातेलं पुढे केलं. मला वाटलं हात लावणार नाही, तोंड वाकडं करेल. तर वाडगं भरून घेतलं आणि डोकी चोखून खाल्ली. मी म्हटलं, विष आहे म्हणतोस ना? तो म्हणाला, आहे. मग खातोस कशाला? तू खातोयस म्हणून. मी म्हटलं, माझं वय झालं. तो म्हणाला, मीठ दे इकडे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळी मोयाक्का, रात्री मोयाक्का. काळीज शोधून शोधून खात होतास. ताइस्तोनं भाकरी पुढे केली, लोणी पुढे केलं, तू बघेनास. “लहानपणी याला मासा नको असायचा, आई मारायची तरी खायचा नाही,” ताइस्तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी ताइस्तोनं पातेलं चुलीवर ठेवलं, हलवलं, आणि मागे वळून बघितलं तर तू वाडगं घेऊन उभा. आणखी घेणार होतास. म्हणाला, मग मला राहवेना. सगळं पातेलं उचललं आणि सॉनामागच्या खड्ड्यात ओतून वर माती लोटली. “मी काय याला एवढ्यासाठी शिकवला? माझ्याच घरात बसून मूत्रपिंडं नासवायला? माझी गेली ती गेली.” मग म्हणाला, “इतका शिकला, पण अक्कल नाही पोराला.”

मी म्हटलं, नाहीच मुळी. कधी नव्हती.

तो आता धक्क्यावर बसतो, गळ न घेता. कुणी पर्च काढला की उठून त्याच्याकडे जातो आणि सांगतो, हा खाऊ नका, आणि इथे टाकूनही जाऊ नका, माझा भाऊ येतो, त्याला कितीही सांगा, तो खातो. लोक हसतात. पण परवा दोघांनी बादली परत पाण्यात रिकामी केली. मंडळाच्या पाट्यांनी इतक्या वर्षांत तेवढं केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते इतक्यात जाणार नाही, पथ्य पाळलं तर.

आता नीट ऐक. तीन दिवसांच्या मोयाक्कानं तुला काही होत नाही, हे मला कळतं आणि तुला तर आधीपासून ठाऊक होतं. त्याला ठाऊक नाही. तो रोज विचारतो, ओलावीनं रक्त-लघवी तपासून घेतली का, काय निघालं. मी सांगते, अजून कळलं नाही. तपासून घे, पण सगळं ठीक आहे असं त्याला लिहून पाठवू नकोस. तू ठणठणीत आहेस हे त्याला कळलं तर तो पुन्हा पातेलं ठेवेल. तो जिवंत आहे तोवर तू थोडा आजारी राहा.

सिल्वी